सांदवाडी आणि ताटांतला भात

वैनगंगेच्या कांठच्या आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यांत सकाळ-संध्याकाळ ताटांत भात असतो. भातानें पोट भरतें. पण एकट्या भातावर देह धड राहत नाहीं, त्याला डाळीची व भाजीची जोड लागतेच. ती जोड कोठून येते याचा विचार बहुधा घरांतील स्त्रियाच करितात. आमच्या मतें तो शाळेंतील मुलामुलींनींही करावयास हवा.

डाळीची जोड पुष्कळांस शेतांतूनच मिळते. धान कापणीस येण्यापूर्वीं ओल्या बांध्यांत लाखोरीचें बीं फेंकतात. नांगरट नाहीं, खत नाहीं, पाणी देणें नाहीं, तरी शेंगा भरतात. इतकें सोशिक पीक क्वचितच सांपडेल, आणि धोका यांतच आहे. कारण इतर सर्व बुडालें कीं लाखोरी तेवढी उरते. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबानें सागरकडील अशीच एक हकीकत लिहून ठेविली आहे. तेथें १८२९ सालीं गारपिटीनें, १८३० सालीं अवर्षणानें व १८३१ सालीं रोगानें गहूं गेला. लोक लाखोरीवर जगले. आणि १८३३ सालीं तिशीच्या आंतील अनेकांचे पाय लुळे पडले. या डाळींत मज्जातंतूंस अपाय करणारें एक द्रव्य असतें. इतर अन्नाबरोबर थोडी डाळ खाल्ल्यानें सहसा असें होत नाहीं. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न होऊन बसली म्हणजे होतें. तें द्रव्य पाण्यांत विरघळतें, म्हणून डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी टाकावें व मग ती शिजवावी. कोवळ्या पाल्यांतही तें असतें, हें भाजी खुडणाऱ्यांनीं विसरूं नये. रायपूरच्या कृषि विद्यापीठानें 'महातिवडा' नांवाचें अल्प विषाचें वाण काढलें आहे. तथापि घरांत चार प्रकारची भाजी असली म्हणजे एकाच डाळीवर दिवस काढण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. आणि ती भाजी घरामागच्या सांदवाडींत पिकूं शकते.

मृग लागला कीं दोडकीं, कारलीं, बरबटी व कोहळीं लावावीं आणि वेलांस मांडव द्यावा. वाफे उंच करावे, कारण आमच्याकडील पावसांत सपाट वाफ्यांतील रोपांचीं मुळें कुजतात. न्हाणीचें पाणी जेथें वाहून जातें तेथें कोचई लावावी. तिच्या पानांनीं घसा खाजतो तो त्यांतील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळें. यासाठीं वड्यांच्या पिठांत चिंचेचा कोळ घालून त्या चांगल्या वाफवाव्या लागतात.

पावसाळ्याची खरी भाजी मात्र अंबाडी. तिचीं पानें उकडून पाणी पिळून टाकावें. तुरीची मूठभर डाळ व तांदळाच्या कण्या एकत्र शिजवाव्या. त्यांत पानें घोटून मीठ, तिखट व गुळाचा खडा घालावा, आणि वरून लसणीची खमंग फोडणी द्यावी. धान कांडतांना मोडलेल्या कण्या अशा कामीं लागतात. पाहुण्यांपुढें ही भाजी वाढण्यास कांहीं लोक संकोचतात. तो संकोच आम्हांस अनाठायीं वाटतो.

हिंवाळ्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. वांगीं, वाल, मुळा, मेथी, पालक, सांभार, टमाटे, जें लावावें तें येतें, आणि वांग्यांत वालाचे दाणे घातले म्हणजे दुसरें कांहीं लागत नाहीं. या दिवसांत एकच काम चुकवूं नये, तें बियाण्याचें. उत्तम वेलाचें पहिलें निरोगी फळ न तोडतां बियांसाठीं राखावें. पुष्कळ घरीं नेमकें तेंच आधीं खाल्लें जातें. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या धानांत कांहीं निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचें बीं वेगळें ठेवून पुनःपुन्हां पेरलें, आणि त्यांतून 'एचएमटी' हा प्रसिद्ध तांदूळ निघाला. सांदवाडींतही डोळे उघडे ठेवणारास असें कांहीं दिसूं शकतें.

कसोटी उन्हाळ्याची. ब्रह्मपुरीचा पारा वैशाखांत ४५ अंशांच्या वर जातो, विहिरी तळ गांठतात, आणि पालेभाजी तगत नाहीं. तेव्हां जें आधीं साठविलें तेंच कामास येतें. देठासकट तोडलेलें पक्कें कोहळें कोरड्या माळ्यावर महिनोगणती टिकतें. वांग्याच्या फोडी उन्हांत कडकडीत वाळवाव्या. पालेभाजी मात्र सावलींत, कारण तीव्र उन्हानें तिचा हिरवा रंग उडतो व डोळ्यांस हितकर असें जीवनसत्त्वही बरेंच नष्ट होतें.

या दिवसांत फारसें पाणी न मागणारें झाड म्हणजे मुनगा. त्याची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या आरंभीं पुरली तरी जगते. शेंगा सर्वांस ठाऊक आहेत. पानें वरणांत घालण्याची चाल मात्र अनेक घरीं नाहीं. तीं वरण उतरण्याच्या थोडें आधीं घालावीं, फार शिजवूं नयेत. शेंगा संपल्यावर झाड माणसाच्या उंचीवर छाटावें. म्हणजे पाऊस पडतांच येणारा कोंवळा फुटवा लहान मुलांच्याही हातीं लागतो.