पत्र निघाले, पण पोहोचले का?

व्यापारी बांधवांनो, भोसरी, पिंपरी आणि चाकणच्या कारखान्यांना आम्ही गणवेशाचे कापड आणि मशीन पुसायचे बनियन वेस्ट पुरवतो. पूर्वी ऑर्डर फोनवर किंवा कागदावर यायची. आता परचेस ऑर्डर ई-मेलनेच येते. म्हणून गल्ल्याइतकीच मेल सर्व्हरवरही नजर हवी.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका शुक्रवारी रात्री आमच्या सर्व्हरची डिस्क भरली. मशीन चालू, दिवा हिरवा, म्हणून कोणी पाहिले नाही. सोमवारी कारखान्यातून फोन आला, "माल कुठे आहे?" ऑर्डर शनिवारीच निघाली होती आणि आमच्या दारातून परत फिरत होती. तो माल दुसऱ्याने दिला.

असे का घडते? जागा संपली की सर्व्हर समोरच्याला 452 हा आकडा कळवतो. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आता नाही, नंतर या'. 5 ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. 'नंतर या' ऐकलेले पत्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत थांबते आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहते. हे साधारण 4 ते 5 दिवस चालू शकते. ट्रान्सपोर्टच्या गोदामात गठ्ठा पडून राहावा, तसेच हे. आपली रांग मात्र रिकामीच दिसते.

म्हणून पुढील गोष्टी तपासत जा :

1) डिस्क 80 टक्के भरली की इशारा मिळावा. तो फोनवर यावा. त्याच मेलवर आला तर दिसणार कसा?

2) बाहेर जाणाऱ्या पत्रांची रांग रोज पाहा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी 'मेलक्यू' ही आज्ञा आहे. सर्वांत जुने पत्र किती तास पडून आहे, हे महत्त्वाचे.

3) आपला सर्व्हर काळ्या यादीत नाही ना, हे पाहा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळख लागते.

4) सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत वहीत लिहून ठेवा.

5) रोज दुकान उघडताच बाहेरच्या खात्यावरून स्वतःला एक पत्र पाठवा, त्याला उत्तर द्या आणि दोन्हींना लागलेला वेळ टिपून ठेवा.

ज्यांचा सर्व्हर भाड्याचा आहे, त्यांना रांग दिसत नसेल. पण पाचवी तपासणी तेही करू शकतात. आमच्याकडे ती आता रोज सकाळी होते. दोन मिनिटांचे काम आहे.