वॉलपेपरआधी ब्राउझर

नागपूर

चि. भाचेबुवांस,

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट चढवलेस, हे ताईकडून कळले. बरे केलेस. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. तुझ्या लॅपटॉपात दोन्ही नाही. एरवी ठणठणीत असलेले यंत्र सीताबर्डीला एक्स्चेंजमध्ये देऊन हप्त्यांवर नवे आणायचे, त्यापेक्षा हे शहाणपणाचे. मात्र चार मित्रांनी चार ब्राउझरची नावे सांगितली आणि तू कालपासून सगळेच टाकून पाहून राहिला, असेही ताई म्हणाली. जरा थांब. मामाचे ऐकून घे, मग काय टाकायचे ते टाक.

विंडोजवर नवे मशीन आले की लोक एज उघडतात, त्यात क्रोम शोधतात आणि वर दिसेल त्या पहिल्या लिंकवर क्लिक करतात. ही सवय इथे मोड. वरची लिंक पुष्कळदा जाहिरातीची असते, आणि नामांकित प्रोग्रामच्या नावाने बनावट इन्स्टॉलर खपवणारे याच जागा विकत घेतात. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. तिथून घेतलेल्या ब्राउझरची अपडेट बाकीच्या सिस्टिमच्या अपडेटबरोबर एकाच ठिकाणी येतात. फायरफॉक्स काय किंवा क्रोम काय, दोघांच्याही नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी निघतात. तातडीच्या दुरुस्त्या वेगळ्याच. ज्याची अपडेट कुठून येतात हे तुला सांगता येत नाही, त्या ब्राउझरवर बँक उघडू नकोस, मग तो कितीही चपळ असो.

आता त्या चार नावांचे बघू. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्दी, ऑपेरा आणि आपल्याकडच्या झोहोचा उला, या सगळ्यांच्या पोटात गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाचे ब्लिंक हे पाने मांडून दाखवणारे इंजिन आहे. चार मित्रांनी चार नावे सांगितली खरी, पण सल्ला बहुधा एकच दिला. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० मध्ये आपले इंजिन सोडून क्रोमियमवर उभा केलेला एज आणला. वेगळे इंजिन म्हणावे तर फायरफॉक्सचे गेको आणि ॲपलचे वेबकिट, एवढीच मोठी नावे उरली. गंमत अशी की ब्लिंकचे घराणे लिनक्सकडचेच आहे. केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी स्वयंसेवकांनी केएचटीएमएल नावाचे इंजिन लिहिले होते. ॲपलने ते उचलून वेबकिट केले आणि २००३ साली सफारी आणला. गूगलने २०१३ मध्ये वेबकिटची वाट सोडून ब्लिंक वेगळे काढले.

पान नीट उघडले म्हणजे झाले, इंजिन कुणाचे का असेना, असे तुला वाटेल. मराठी वाचकाने तरी असे म्हणू नये. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर आली ती आपापले फॉन्ट घेऊन. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, त्यातली अक्षरांची मांडणीही निराळी. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यावा लागू नये म्हणून तो पानाबरोबरच पाठवण्याची सोय निघाली, पण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे ईओटी हे स्वरूप फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळत असे. लिनक्सवर फायरफॉक्स उघडून बसलेल्या माणसाला मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसायचा. शेवटी ‘पद्मा’ नावाचे एक एक्स्टेंशन आले. अशा भारतीय फॉन्टमधला मजकूर ते फायरफॉक्समध्ये युनिकोडात बदलून दाखवायचे. मजकूर मराठी, वाचक मराठी, आणि मध्ये अडसर एका कंपनीच्या ब्राउझरचा! युनिकोड सर्वत्र झाल्यावर हा त्रास मिटला. आज तुझ्या स्क्रीनवर जोडाक्षरे नीट दिसतात ती हार्फबझ या मुक्त प्रणालीमुळे, आणि ती फायरफॉक्स व क्रोम दोघेही वापरतात. लिनक्सवर देवनागरीसाठी मिळणाऱ्या लोहित फॉन्टवर तर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी बरीच वर्षे काम केले आहे.

दक्षिण कोरियाने याहून महागडा धडा घेतला. तिथे १९९९ पासून बँकेच्या आणि सरकारी व्यवहारांसाठी ॲक्टिव्हएक्सवर चालणारी प्रमाणपत्र-पद्धत रूढ झाली. ॲक्टिव्हएक्स म्हणजे पुन्हा इंटरनेट एक्स्प्लोररच. त्या प्रमाणपत्रांचे कायद्यातले खास स्थान जायला डिसेंबर २०२० उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट तुझ्या मित्रांपैकी कुणी सांगितली नसेल. ब्राउझर एखादे संकेतस्थळ सुरक्षित मानतो ते कुणीतरी दिलेल्या प्रमाणपत्राच्या हमीवर. कोणाची हमी मानायची याची यादी असते, आणि प्रश्न असा की ती यादी ठेवतो कोण. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले की भारताच्या एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. एनआयसीच्या यंत्रणेमागे ज्याची हमी होती त्या सीसीए या सरकारी प्रमाणपत्र-नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, त्यामुळे विंडोजच्या त्या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रामना धोका होता. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो आणि तीत हे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून तो वाचला. या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. देशाची प्रमाणपत्रे सगळ्याच परदेशी ब्राउझरच्या यादीत नसतात, म्हणजे आपल्या सरकारी संकेतस्थळांना विश्वास बाहेरून विकत घ्यावा लागतो. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. सीसीएचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्येच असावे आणि त्यातूनच डिजिटल सही करता यावी, अशा अटी होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. झोहोच्या चमूला एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. कौतुक जरूर कर. पण उलाच्या पोटातही क्रोमियमच आहे, तेव्हा स्वदेशी म्हणून तो घेतलास तर नेमके काय स्वदेशी आहे ते ओळखून घे.

मामाचा कौल फायरफॉक्सला. तो मिंटमध्ये आधीच असतो, आणि २०२२ च्या सुरुवातीपासून मिंट मोझिलाने बांधलेला फायरफॉक्स जसाच्या तसा देते. सगळा मेनू मराठीत करता येतो. भाषांतराचे काम स्वयंसेवकांचे आहे, ते एकदा तरी लावून बघ. जाहिराती गाळणारे यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालते. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि तिथे आता त्याची धाकटी, लाइट आवृत्तीच उरली आहे. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीचा ब्राउझर जाहिराती अडवणाऱ्याला मोकळे रान देईल, ही अपेक्षाच भाबडी. इंटेलच्या ग्राफिक्सवर व्हिडिओचा भार प्रोसेसरऐवजी ग्राफिक्सवर टाकण्याची सोय फायरफॉक्सने लिनक्सवर जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू केली. हे किरकोळ वाटेल, पण नागपूरच्या मे महिन्यात तू यूट्यूबवर तीन-तीन तासांची लेक्चरे लावतोस तेव्हा त्या पंख्याची घरघर ताईला ऐकावी लागते.

फायरफॉक्स सोवळा आहे असे मात्र समजू नकोस. मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते. शोधपेटीत गूगल ठेवण्याचे ते पैसे. अमेरिकेतल्या ज्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला शोधक्षेत्रातला मक्तेदार ठरवले, त्याच खटल्यामुळे हे पैसे आटतील अशी मोझिलाला धास्ती होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने क्रोम विकायला लावले नाही आणि असे पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. म्हणजे गूगलच्या इंजिनाला असलेला पर्याय गूगलच्याच पैशावर उभा आहे. आवडो न आवडो, सध्या हेच खरे.

दुसरा ब्राउझर ठेव, पण एकच. काही परीक्षांचे आणि प्रवेशाचे अर्ज फायरफॉक्सवर अडतात; फोटो चढत नाही, बटण दाबले जात नाही. रात्री अकरा छप्पन्नला पोर्टलशी तत्त्वाची लढाई लढायची नसते. अशा वेळी क्रोमियम उघड, अर्ज भर आणि बंद कर. मिंट स्वतः क्रोमियम बांधून देते, तोच घे. गूगलने १५ मार्च २०२१ पासून क्रोमियमला आपली सिंक सेवा बंद केली आहे, त्यामुळे त्यात गूगल खात्यातले बुकमार्क आपोआप उतरणार नाहीत. मामाच्या मते ही सोयच आहे. दुय्यम ब्राउझरला आपली सगळी कुंडली कशाला हवी?

तुझा एखादा मित्र मिंटऐवजी उबंटू वापरत असेल तर त्याला एवढे सांग. उबंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या पॅकेज-पद्धतीच्या बंदिस्त पेटीत दिला. सुरुवातीला तो उघडायलाच वेळ घ्यायचा आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनपर्यंत त्याचा हात पोहोचत नसे. मोझिला आता डेबियन-उबंटूसाठी स्वतःच्या भांडारातून साधे पॅकेज देते. टोकनवरून आठवले, तुझ्या बाबांनाही निविदांसाठी डिजिटल सही लागते. त्यांचे टोकन तुझ्या नव्या सिस्टिमवर चालते की नाही, हे निविदेच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी बघा, त्या दिवशी नव्हे.

आता सामान हलवण्याचे. विंडोजचे पार्टिशन अजून पुसले नाहीस, हे फार उत्तम. विंडोजवर तू फायरफॉक्स वापरत असशील तर काम सोपे आहे. त्याचा प्रोफाइल फोल्डर तसाच उचलून लिनक्सवर ठेवता येतो. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास सगळे त्यातच असते. फोल्डर कुठे आहे ते दोन्हीकडे मेनूतल्या मदतीच्या समस्यानिवारण पानावर दिसते. क्रोमचे तसे नाही. त्याचे पासवर्ड विंडोजच्या तुझ्या लॉगिनशी बांधून कुलूपबंद केलेले असतात, त्यामुळे नुसता फोल्डर आणलास तर बुकमार्क मिळतील आणि पासवर्ड मात्र उघडणार नाहीत. त्यासाठी एकदा विंडोज सुरू करून क्रोममधूनच पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढ आणि इकडे फायरफॉक्समध्ये आयात कर. ती सीएसव्ही साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतो. पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर तिची प्रत ठेवू नकोस, आणि काम झाले की त्याच बैठकीत ती दोन्हीकडून पुसून टाक, कचरापेटीसकट.

तुझा,
मामा