डॉलर तिकडे, बिल इकडे

अमेरिकेतून कायमचं पुण्यात परतलं, की बरीच वर्षं एक दुहेरी संसार चालतो. बचत तिथल्या बँकेत आणि किराणा, औषधं, मुलांच्या फिया इथल्या क्रेडिट कार्डावर. परदेशात राहत असताना कमावलेला पैसा परतल्यावरही तिथेच ठेवायला फेमा कायद्याचं कलम ६(४) मुभा देतं. त्यामुळे सगळं एकदम गुंडाळून आणायची घाई नसते. पण दरमहा बिल त्या डॉलरमधून भागवायचं, तर काही गोष्टी पक्क्या ठरवून घ्याव्या लागतात.

१. डॉलर आधी बचत खात्यात उतरवा. कार्डाचा क्रमांक टाकून एनईएफटीने बिल भरता येतं, पण ती सोय देशातल्या देशात. बाहेरून आलेल्या रकमेचा उद्देश बँक विचारते, रुपये करते, मग जमा करते. थेट कार्डावर पाठवायचा नाद नको.

२. बिलाने डॉलरची वाट पाहायची वेळ येऊ देऊ नका. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. निदान एका महिन्याच्या बिलाएवढे रुपये बचत खात्यात कायम असू द्या आणि पूर्ण रकमेचं ऑटो-पे लावून टाका. तिकडून आलेले पैसे ही शिल्लक पुन्हा भरून काढण्यासाठी.

कारण वायर, म्हणजे तिकडच्या बँकेतून इथे पाठवलेली रक्कम, आपल्या सोयीने येत नाही. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. शनिवारी सकाळी चहा घेत पाठवलेले पैसे तिकडे सोमवारीच हातात घेतले जातात, म्हणजे आपली सोमवारची संध्याकाळ होते. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार तिथे सुट्टी. त्याच सुमारास इथे दसरा-दिवाळी. ऐन सणात, खर्च सर्वांत जास्त असताना, दोन्हीकडच्या सुट्ट्या एकात एक अडकतात.

दुसरं म्हणजे, हजार डॉलर पाठवले की हजार डॉलरचेच रुपये येतात असं नाही. बऱ्याच मोठ्या बँका डॉलरमधल्या वायरसाठी चाळीस-पन्नास डॉलर घेतात, ते वेगळेच. वाटेत एखादी मधली बँक असली तर तीही आपला वाटा कापून घेते. वायरच्या फॉर्मवर खर्च कोणाचा, असा रकाना असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग इथल्या बँकेचा दर, आणि रुपयांत बदलण्यावरचा जीएसटी: लाख रुपयांना १८० रुपये. या कापाकापीमुळे बिलाला हजारभर रुपये कमी पडले, तर व्याजमुक्त मुदत जाते. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, नव्या खरेदीवरही लागतं, आणि ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. खात्यात डॉलर पडून असताना हा भुर्दंड पाहिला की जीव हळहळतो.

३. दर महिन्याला थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचे एकदम आणा. वायरचा खर्च एकदाच बसतो.

४. स्वतःची जुनी बचत आणणं म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यावर कर लागत नाही. बँकेने उद्देश विचारला तर जे खरं आहे तेच सांगा आणि पैसे आल्याची पावती जपून ठेवा. तिकडच्या खात्यावर मिळणारं व्याज मात्र वेगळं. शिवाय इथले पूर्ण रहिवासी ठरलात की ते खातं विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावंच लागतं, मग व्याज शून्य असो. हे राहून गेलं तर दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता मिळून वीस लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण दाखवायचं बंधन सुटलेलं नाही.

५. मुलगा अजून तिकडेच असेल आणि आईच्या कार्डाचं बिल तोच भरत असेल, तर त्याची वाट आपल्यापेक्षा सोपी आहे. त्याने इथल्या बँकेत एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं खातं उघडावं आणि त्यातून इथलं बिल भरावं. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच चालतं. तिथला मोबाइल क्रमांक असलेल्या एनआरई खात्यालाही २०२३ पासून यूपीआय जोडता येतं. अमेरिका, यूएई, ओमान, सिंगापूर अशा निवडक देशांसाठी. परत आल्यावर मात्र एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते बदलून घ्यावं लागतं. पैसे डॉलरमध्येच, पण भारतात ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडा.

६. अमेरिकेचं एखादं कार्ड ठेवलं असेल तर त्याचं बिल तिथल्याच खात्यातून भरा. इथून रुपये पाठवायचे तर आधी स्वतःच्या तिथल्या खात्यात, मग कार्डाला, असे दोन टप्पे पडतात. शिवाय ती रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत, मोजली जाते आणि वर्षाला दहा लाखांच्या वर गेली की पाठवतानाच टीसीएस हा कर कापला जातो. आणि तिथला फोन क्रमांक बंद करण्याआधी बँकेचा ओटीपी कुठे येणार ते ठरवा. इथे बसून क्रमांक बदलून घेणं फार जिकिरीचं होतं, म्हणून विमानात बसण्याआधीच हे काम उरका.