इंग्रजी वाक्यातील समानाधिकरण नामपद

मराठीत आपण लिहितो : "मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडला." ओळख आधी, नाव नंतर, स्वल्पविराम नाही. इंग्रजीत ही ओळख नावामागूनही येते :

"डॉ. आंबेडकर, द चेअरमन ऑफ द ड्राफ्टिंग कमिटी, इंट्रोड्यूस्ड द ड्राफ्ट कॉन्स्टिट्यूशन."

एकाच व्यक्तीची वा वस्तूची दोन नामपदे अशी शेजारी आली की दुसऱ्यास समानाधिकरण नामपद म्हणतात. ते काढून पाहा. वाक्य पूर्णच राहते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम हवा. दुसरा स्वल्पविराम हमखास विसरला जातो.

अध्यक्ष एकच, म्हणून 'द'. अनेकांपैकी एक असेल तर 'अ' : "जालना, अ डिस्ट्रिक्ट इन मराठवाडा, वॉज फॉर्म्ड इन १९८१."

मात्र भाऊ अनेक असतील तर "माय ब्रदर राहुल" असे स्वल्पविरामाविना लिहावे. कारण नाव काढले तर कोणता भाऊ ते कळणार नाही.

नोकरीच्या मुलाखतीत घरची ओळख विचारतात. तेव्हा न संकोचता सांगा : "माय फादर, अ फार्म लेबरर, एज्युकेटेड मी." दोन स्वल्पविरामांत बापाचे कष्ट सन्मानाने उभे राहतात.

जयभीम!