क्रिया कशी झाली? – इंग्रजीतील क्रियाविशेषणे



आपल्या देवरीतून मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. अशा रस्त्यांच्या कडेला ‘ड्राइव्ह स्लोली’ अशा पाट्या असतात. ‘स्लो’ म्हणजे संथ, हे तुम्हांला माहीत आहे. मग त्याला ‘ली’चे शेपूट कशाला? आज तेच पाहू.

‘अ स्लो बुलक’ म्हणजे संथ बैल. बैल कसा? संथ. हे नामाबद्दल सांगते, म्हणून विशेषण.
‘द बुलक वॉक्स स्लोली’ म्हणजे बैल हळू चालतो. चालतो कसा? हळू. हे क्रियेबद्दल सांगते, म्हणून क्रियाविशेषण.

मराठीत आपण ‘शांत मुलगा’ म्हणतो, पण ‘मुलगा शांतपणे बसतो’. आपल्याकडे जे काम ‘पणे’ करते, तेच इंग्रजीत बहुधा एल-वाय ही अक्षरे करतात.

नियम असे :

१. बहुतेक विशेषणांना नुसते एल-वाय लावा. क्विक – क्विकली, लाउड – लाउडली.
२. शेवटी वाय व त्याआधी व्यंजन असेल तर वायचा आय करा, मग एल-वाय लावा. हॅपी – हॅपिली, इझी – इझिली.
३. ‘जेंटल’सारख्या शब्दाच्या शेवटी एल-ई असते. तेथे ई काढून वाय लावा. जेंटल – जेंटली.
४. शेवटी एल असला तरी पूर्ण एल-वाय लावा. केअरफुल – केअरफुली. येथे एल दोनदा येतो, विसरू नका.
५. काही शब्द नियम पाळत नाहीत. गुडचे वेल होते. फास्ट आणि हार्ड जसेच्या तसे राहतात.

आता फसण्याच्या जागा बघा.

‘मधू चांगला गातो, मीना चांगली गाते.’ चांगला, चांगली असा शब्द बदलतो, म्हणून तो विशेषण वाटतो. पण येथे मीना कशी ते विचारलेले नाही. गाते कशी? चांगली. म्हणून ‘मीना सिंग्ज वेल’ हेच बरोबर, ‘गुड’ नव्हे. ‘मीना इज अ गुड गर्ल’ यात मात्र गुडच हवे.

दुसरे, ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ आहे, तरी ते विशेषण आहे. अ फ्रेंडली डॉग. कुत्रा कसा? माणसाळू. तेव्हा शेपूट पाहून ठरवू नका, प्रश्न विचारून ठरवा.

तिसरी जागा माझ्या अनुभवाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. आठवीत असताना मी वसतिगृहाच्या अर्जात ऐटीत लिहिले, ‘आय वर्क हार्डली.’ गुरुजी म्हणाले, “अरे, म्हणजे तू काम जवळजवळ करीतच नाहीस होय?” वर्ग हसला. मला म्हणायचे होते, मी खूप मेहनत करतो. त्याला ‘आय वर्क हार्ड’ म्हणतात. गुरुजींनी पाहिले म्हणून बरं, नाहीतर माझी मेहनत दोन अक्षरांनी पुसली गेली असती!

स्वाध्याय : कंसातील शब्दापासून क्रियाविशेषण करून वाक्ये इंग्रजीत लिहा.

१. आई काळजीपूर्वक धान रोवते. (केअरफुल)
२. पाऊस जोराने पडतो. (हेवी)
३. आमच्या बाई चांगल्या शिकवतात. (गुड)
४. ट्रक वेगाने धावतो. (फास्ट)

प्रत्येक वाक्यात आधी क्रियापद शोधा, त्याला ‘कसे?’ विचारा आणि मगच लिहा. उत्तरे पुढच्या शनिवारी याच भिंतीवर लावू.