सराव आपल्याच लेबर रूममध्ये कर

पोरी, जोतिबाच्या पायथ्याला तुझी बदली झाली, म्हणून थोडं कानात घालून ठेवते. चैत्री यात्रेत त्या घाटात गाडीला गाडी लागते. १०८ ची गाडी कधी येईल आणि कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात कधी पोचेल, याचा भरवसा नसतो. तोवर बाई तुमच्याच हातात.

प्रशिक्षणात 'मामा नताली' हे बाळंतपणाच्या सरावाचं साधन पोटाला बांधून एकजण बाळंतीण होते, तिथं हात चांगला बसतो. पण परत आल्यावर आपल्याच खोलीत, आपल्याच ट्रेवर, रात्रपाळीला असतात तेवढ्याच माणसांत सराव कर. सहाजणींनी दिवसा केलेला सराव रात्री दोघींच्या कामाला येत नाही. सरावात बाळंतीण झालेलीनं गप्प पडू नये. "बाई, चक्कर येतीया" म्हणून हात घट्ट धरावा. मावशींना वगळू नकोस, ऑक्सिजनची चावी त्यांनाच ठाऊक असते.

"कुणीतरी ऑक्सिटोसिन आणा" असं कधी म्हणायचं नाही. नाव घेऊन सांग. जिला सांगितलं तिनं मोठ्यानं परत बोलावं, "दहा युनिट, मांडीत दिलं, दोन वाजून दहा."

बाळंतपणानंतर गेलेल्या रक्ताचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी हमखास कमीच येतो. सरावात लाल पाणी मोजून चादरीवर ओत आणि एकेकीला किती ते विचार. ५०० मिली ही धोक्याची हद्द. मोजायची पिशवी मिळाली तर सोडू नकोस. आफ्रिकेतल्या चार देशांच्या २०२३ च्या अभ्यासात पिशवीनं रक्त मोजून मसाज, औषधं, सलाईन नि तपासणी एकदमच सुरू केल्यावर गंभीर रक्तस्राव सुमारे साठ टक्क्यांनी घटला.

बाळंतपणातल्या झटक्यांचा सराव मात्र खरोखर अँप्युल फोडून कर. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन मिलीच्या अँप्युलमध्ये एक ग्रॅम असतं. पुढं पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम द्यायचं म्हटलं, तर दहा अँप्युल! एकीनं फोडायच्या, दुसरीनं सिरिंजमध्ये ओढायच्या, ही जोडी आधीच ठरव. कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारीच हवं. सरावाच्या अँप्युलवर लाल पट्टी लाव आणि त्या वेगळ्या डब्यात ठेव. खऱ्या औषधांत चुकूनही मिसळता कामा नयेत.

सराव संपला की लगेच पांगू नका. काय सापडलं नाही, कुठं अडलं, हे सगळ्यांत नव्या पोरीला आधी विचार. वरिष्ठ बोलल्यावर ती तोंड उघडत नाही. मग ट्रे तिथल्या तिथं लावून घे.