कमी चाललेल्या गाडीचा भाव

चि. समीर,


1994 सालच्या दोन टोयोटा सुप्रांपैकी कोणती घ्यावी हे विचारताना तू दोन्हींचे फोटो पाठवलेस, पण खरा प्रश्न फोटोंत नाही. एक गाडी 12 हजार मैल फिरलेली, दुसरी 68 हजार. दोन्ही ट्विन टर्बो, आणि पहिलीवाला दुसरीच्या जवळजवळ दुप्पट मागतोय. रनिंग कमी तर भाव जास्त, हा आपल्या इकडच्या सेकंडहँड बाजाराचाही नियम, म्हणून तो तुला लगेच पटला. रोजच्या गाडीला तो ठीकच आहे, कारण तिथे आपण इंजिनाचं उरलेलं आयुष्य विकत घेत असतो. संग्रहासाठी गाडी घेणारा ती झिजवणारच नसतो. तो पैसे मोजतो ते दुर्मिळपणाचे. आणि मीटरवरचा लहान आकडा आपोआप दुर्मिळ होत नाही. तशाच बाकीच्या गाड्यांचं लोकांनी काय केलं, यावर त्याची किंमत ठरते.

याचा पुरावा हवा तर 1978 सालची शेवरोले कॉर्व्हेट घे. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावायचा मान कॉर्व्हेटला मिळाला, म्हणून कंपनीने काळ्या-रुपेरी रंगाची खास आवृत्ती काढली. आधी विचार तीनशे गाड्यांचा होता. मग प्रत्येक डीलरला निदान एक तरी मिळावी म्हणून आकडा 6,502 वर गेला. छापील किंमत होती 13,653 डॉलर. या गाडीवर सट्टा चाललाय अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आली, आणि लोक कितीतरी जास्त पैसे मोजून गाडी थेट गॅरेजात नेऊन झाकून ठेवू लागले. दारांवर चिकटवायची शर्यतीची अक्षरं कंपनीने वेगळी, गाडीतच ठेवून पाठवली होती. पुष्कळांनी तीही चिकटवली नाहीत. झालं असं की जवळपास न चाललेल्या गाड्या ढिगाने शिल्लक राहिल्या. लग्नात आलेला डिनर सेट घरोघरी खोक्यातच पडून असेल, तर त्या खोक्याला कोण जास्त पैसे देणार? तेव्हापासून अमेरिकेतली महागाई पाचपटीच्या घरात गेली. म्हणजे नुसती छापील किंमत टिकायची तर आज 65 हजार डॉलर यायला हवेत. या गाड्या साधारणपणे त्याच्या बऱ्याच खाली जातात. दुप्पट मोजलेल्यांचा हिशेब तूच कर.

सुप्राचं नेमकं उलट झालं. नव्वदीच्या दशकात ती जपून ठेवावी असं फारसं कुणाला वाटलं नाही. तिचं ओतीव लोखंडाचं इंजिन मूळच्या 320 अश्वशक्तीच्या दुपटीचा भारही सोसतं हे पोरांना कळल्यावर टर्बो बदलले गेले, बंपर कापले गेले, आणि 2001 मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' आल्यावर तर ही लाटच आली. त्यामुळे कारखान्यातून निघाली तशी राहिलेली सुप्रा आज हाताच्या बोटांवर नसली, तरी शोधावी लागते. मार्च 2019 मध्ये अमेलिया आयलंडच्या लिलावात सुमारे 11 हजार मैल चाललेली 1994 ची ट्विन टर्बो 1 लाख 73 हजार 600 डॉलरला गेली, ती यामुळे. तेव्हा पहिलीवाला वेडा नाही. पण तो ज्याचा भाव लावतोय त्या दुर्मिळपणातला मोठा वाटा मूळ रूपाचा आहे, मैलांचा लहान. 68 हजारवालीवर खरोखर कुणाचा हात फिरला नसेल, तर तो मोठा वाटा तिच्याकडेही आहे. आणि त्याच सिनेमात वापरलेली नारिंगी सुप्रा, नखशिखान्त बदललेली, जून 2021 मध्ये साडेपाच लाख डॉलरला विकली गेली. ती किती मैल चालली होती याच्याशी त्या किमतीचा काही संबंध नव्हता.

तू म्हणशील, रंग पुन्हा देता येतो, चामडं नवं बसवता येतं, पण झालेला मैल परत घेता येत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. दोन गाड्या बाकी सगळ्या बाबतीत सारख्या असतील तर कमी चाललेलीच महाग जाईल, यात वाद नाही. पण 'बाकी सगळं सारखं' ही अट क्वचितच पुरी होते. 2021 साली पेबल बीचला चारशे किलोमीटरही न चाललेली मॅक्लॅरन एफ-1 दोन कोटी चार लाख डॉलरच्या वर गेली, आणि सगळ्यांनी तिचं मीटरच उगाळलं. दोनच वर्षं आधी माँटेरीला वीस हजारांहून जास्त किलोमीटर झालेली दुसरी एफ-1 एक कोटी 98 लाखांना गेली होती, कारण तिला कंपनीनेच मागाहून शर्यतीच्या गाडीसारखा साज चढवलेला होता. फेरारी 250 जीटीओचं तर विचारूच नकोस. उण्यापुऱ्या 36 गाड्या, शर्यतींत पिदडलेल्या, आणि 2018 मध्ये त्यातल्या एकीला 4 कोटी 84 लाख डॉलर आले. तिथे धावणं हाच दागिना आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा: कमी चाललेली म्हणजे कमी झिजलेली. लोखंडाबद्दल हे बरोबर आहे, रबराबद्दल नाही. फेरारी एफ-40 च्या रबरी इंधन-टाक्या दहाएक वर्षांनी बदलाव्याच लागतात, गाडी हलली असो वा नसो. सील वाळतात, ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होतं. 2013 साली अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, त्या अपघाताला तपासात वेग कारणीभूत ठरला, पण टायर नऊ वर्षांचे जुने होते हेही अहवालात नोंदवलं गेलं. बाहेरून अशा टायरची नक्षी कोरी करकरीत दिसू शकते.

आणि बारा हजारांची गाडी घेतलीस तर तुला तो आकडा राखत बसावं लागेल. प्रत्येक रविवारची फेरी दुप्पट मोजलेल्या पैशांतून वजा होणार. तुला गाडी चालवायची आहे, हे तुझ्याच पत्रात तीनदा आलंय.

म्हणून माझा कौल 68 हजारवालीला, पण तपासून. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाच. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती माग, आणि दरवर्षीच्या सर्व्हिसच्या कागदांवर मैल क्रमाने वाढत गेलेत का बघ. पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आकड्याशी जुळायला हवी. हीच परीक्षा पहिलीचीही घे, कारण मीटर मागे फिरवणारे तिकडेही कमी नाहीत. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. बेल्टची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून कापून बोल, आणि विकणारा किती उतरतो ते मला कळव.

ताईला नमस्कार.
तुझा,
मामा